घरभेद्याचा हेतू एकाच तोंडी ठेवू नका

प्रश्न लांब होता, म्हणून मला समजला तसा आधी मांडतो. तुम्ही पाऊण तासाची एकांकिका लिहिली आहे. वडील गेल्यावर बारा एकर जमिनीचा प्रश्न. मोठ्या भावाने 'पीककर्जाचा कागद आहे' असं सांगून बहिणीची हक्कसोडपत्रावर सही घेतलीय. शेवटी धाकटा भाऊ कोर्टात बहिणीच्या बाजूने साक्ष देतो आणि मोठा अडकतो. वाचनाला बसलेल्यांपैकी काही म्हणाले, धाकटा फारच देवमाणूस झालाय. बाकीचे म्हणाले, त्याला काहीतरी मिळणार असणार आणि तुम्ही ते लपवताय. मग तुम्ही मोठ्याने लहानपणी चारचौघांत मारल्याचा फ्लॅशबॅक घातला, मग धाकट्याच्या डोक्यावर कर्ज ठेवलं, मग शेवटी दीड पानाचं स्वगत. तरी पटत नाही. आणि विचारताय की विभीषण, कैकेयी ही मंडळी घरच्यांवर उलटतात ते आपल्याला पटतं कसं.

पहिली गोष्ट, ते आपल्याला पूर्ण पटलेलं नाहीच. विभीषण रामभक्त म्हणून पूजला जातो आणि त्याच वेळी घरभेद्याला आपण त्याचंच नाव देतो. बंगालीत मायकेल मधुसूदन दत्तांनी 1861 साली 'मेघनादवध' काव्य लिहिलं. त्यात पूजेला बसलेला रावणाचा मुलगा इंद्रजित निःशस्त्र असतो, शस्त्र आणायला दाराकडे वळतो, तर दारात काका विभीषण उभा. तिथे वाचक उघडउघड पुतण्याच्या बाजूचा होतो. मूळ प्रसंग तोच, न्याय उलटा. इतकी शतकं वाद चालू राहतो याचा अर्थ कथेत हेतू कमी पडला असा नाही. तो वाद मिटणार नाही अशीच तिची बांधणी आहे.

म्हणून तुमचा प्रश्न थोडा वळवून घेतो. प्रेक्षकाला 'याने हे का केलं' याचं उत्तर मिळालंच पाहिजे असं नाही. 'याने हे आज, आत्ता केलं' यावर मात्र त्याचा विश्वास बसला पाहिजे. तुम्ही तीन उपाय केलेत ते तिन्ही 'का'वर. 'आज'वर एकही नाही.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी सांगतो. फितुरी प्रेक्षकाला अगोदर माहीत असणार की शेवटी धक्का म्हणून कळणार, यावर बरंच ठरतं. धक्का हवा असेल तर पुढचं अर्धं उत्तर तुमच्या उपयोगाचं नाही, कारण मग हेतूच्या खुणा पेरायच्या आणि लपवायच्या, हे वेगळंच काम आहे. तुमच्या वर्णनावरून साक्ष देणार हे मध्यापर्यंत कळतं असं दिसतं, म्हणून तेच धरून लिहितो. दुसरं, दोन अंकी नाटकात जेवढे टप्पे घेता येतात तेवढे पाऊण तासात मावत नाहीत. काय गाळायचं ते शेवटाकडे येईलच.

आता वाल्मीकींनी काय केलंय ते नीट पाहू, कारण तुमच्या कथेला सगळ्यांत जवळचा नमुना तोच. भाऊ चुकतोय, एका स्त्रीवर अन्याय झालाय, आणि धाकटा भाऊ पलीकडे जातो.

विभीषण एका रात्रीत उठून जात नाही. सीता अशोकवनात हनुमंताला सांगते की विभीषणाने मला परत करावं म्हणून रावणाची मनधरणी केली होती. म्हणजे तो आधीपासून सांगतोय, पण घर सोडलेलं नाही. मग हनुमान पकडला जातो तेव्हा 'दूताला मारू नये' असं विभीषण म्हणतो आणि रावण ते ऐकतो. मारण्याऐवजी शेपूट पेटवतात. ही जागा लक्षात ठेवा. या भावाचं ऐकलं जाण्याची ही शेवटची वेळ. पुढे सभेत तो सांगतो, ऐकलं जात नाही. सकाळी रावणाच्या महालात जाऊन एकांतात सांगतो, ऐकलं जात नाही. पुन्हा भरसभेत सांगतो, तर आता पुतण्या इंद्रजित त्याला भित्रा ठरवतो. आणि मग युद्धकांडाच्या सोळाव्या सर्गात रावण स्वतः बोलतो.

रावण काय बोलतो हे महत्त्वाचं आहे. तो लाथ मारत नाही. लाथेचा प्रसंग तुलसीदासांच्या रामायणात आणि काही पाठभेदांत आहे. आपल्याकडच्या प्रचलित वाल्मीकी पाठात फक्त शब्द आहेत. आणि त्या शब्दांत रावण विभीषणाला हेतू चिकटवतो. भाऊबंदांना भावाचं संकट पाहून आनंदच होतो, असं म्हणतो. हत्तींची जुनी उक्ती सांगतो: आम्हाला आगीची, शस्त्रांची, फाशांची भीती नाही, स्वार्थी भाऊबंदांची आहे. शेवटी 'दुसरा कोणी बोलला असता तर याच क्षणी जिवंत राहिला नसता' आणि कुळाला काळिमा म्हणून धिक्कार. म्हणजे विभीषण अजून काहीच करत नसताना त्याच्यावर फितुरीचा आरोप ठेवून झालेला आहे. तो हातात गदा घेऊन चार साथीदारांसह उठतो ते या क्षणी. तुमच्या 'आज'चं उत्तर इथे आहे. पाठ फिरवायचं कारण आधीच साचलेलं असतं. दिवस ठरतो तो त्याला गद्दार म्हटलं जातं तेव्हा.

तो जाताना बायको-मुलं लंकेतच सोडून जातो. पलीकडे पोचल्यावर स्वतःची ओळख देताना हे तो स्वतः सांगतो. त्याची मुलगी लंकेतून सीतेला बातम्या पुरवते हा धागाही सुंदरकांडात आहे. घर सोडणाऱ्याने काय मागे ठेवलं हे एका वाक्यात आलं की त्याच्या देवमाणूसपणाची शंका बरीच कमी होते, कारण त्याला आता हरता येत नाही.

इथपर्यंत कुठलाही बरा लेखक आला असता. वाल्मीकी मोठे ठरतात ते पुढच्या तीन सर्गांत. विभीषण रामाच्या छावणीवर आकाशात उभा आहे, आणि खाली त्याच्या हेतूवर चर्चा चालू आहे. विभीषणाने स्वतः स्वगत म्हणावं अशी गरजच कवीने ठेवलेली नाही. सुग्रीव म्हणतो हा हेर आहे, मारा. इतर वानर म्हणतात परीक्षा घ्या, पाळत ठेवा. हनुमान, जो त्याच्या बाजूचा आहे, तो काय म्हणतो पाहा: तुम्ही वालीला मारून सुग्रीवाला राज्य दिलंत हे ऐकून, राज्याची इच्छा धरून हा विचारपूर्वक आलाय, म्हणून घ्या. म्हणजे 'याला लंका हवी आहे' हे विभीषणाचा शत्रू बोलत नाही, त्याचा वकील बोलतो! आणि स्वतः भावाच्या मरणातून राजा झालेला सुग्रीव तिथे शेजारीच उभा. राम राज्याची इच्छा मान्य करूनच पुढे जातो, आणि म्हणतो की सगळेच भाऊ भरतासारखे नसतात.

विभीषण स्वतः काय म्हणतो? लंका सोडली, मित्र सोडले, धन सोडलं, आता माझं राज्य, जीवित, सुख सगळं तुमच्या हाती. 'राज्य' हा शब्द येतो, पण जीवित आणि सुखाच्या रांगेत, बेमालूम. मग क्रम असा: राम लंकेच्या बळाची माहिती विचारतो, विभीषण ती देतो, राम राज्याचं वचन देतो, विभीषण युद्धात मदतीचं वचन देतो, आणि लगेच लक्ष्मणाकडून समुद्राचं पाणी आणवून राज्याभिषेक. लंका अजून समुद्रापलीकडे आहे, सेतूही बांधलेला नाही. मोबदला काम होण्याआधीच, सगळ्यांसमोर चुकता केलाय. वाचकाला 'लपवताय' म्हणायला जागाच उरत नाही.

आता तोंडं मोजा. मत्सर रावणाच्या तोंडी. हेरगिरी सुग्रीवाच्या तोंडी. राज्यलोभ हनुमंताच्या तोंडी, तोही कौतुकाने. नीती विभीषणाच्या स्वतःच्या तोंडी. आणि पुढे सत्याऐंशीव्या सर्गात रक्ताचं नातं इंद्रजिताच्या तोंडी: इथे जन्मलास, वाढलास, माझ्या बापाचा सख्खा भाऊ, आणि पुत्रासारख्या माझा द्रोह करतोस? परका गुणी असला तरी परकाच, आपला निर्गुणी असला तरी आपलाच बरा. यातला प्रत्येक जण थोडा खरा आहे. कवी कोणालाच खोडून काढत नाही. तुमच्या संहितेत नेमकं हेच घडलेलं नाही. अपमान, कर्ज, न्याय हे तिन्ही हेतू धाकट्याच्याच तोंडी आहेत, त्यामुळे तो प्रेक्षकासमोर सफाई देतोय असं वाटतं, आणि सफाई देणाऱ्यावर माणूस सहसा विश्वास ठेवत नाही.

विभीषणापुरत्या आणखी तीन जागा सांगतो, कारण तिन्ही तुमच्या कामाच्या आहेत.

एक, कुंभकर्ण. त्याचीही तक्रार तीच. सभेत तो रावणाला सुनावतो की हे करण्याआधी विचारायला हवं होतं, आणि झोपेतून उठवल्यावर पुन्हा बोलतो, विभीषणाचा सल्ला योग्य होता हेही म्हणतो. पण लढायला जातो आणि मरतो. सारखंच दुःख, उलट निर्णय. महाभारतात हेच काम विकर्ण आणि युयुत्सु मिळून करतात. द्रौपदीच्या बाजूने भरसभेत बोलणारा विकर्ण कौरवांकडूनच लढून भीमाच्या हातून पडतो. युयुत्सु मात्र युद्ध सुरू होताना युधिष्ठिराने हाक दिल्यावर पलीकडे जातो. दोघेही धृतराष्ट्राचेच मुलगे, पण युयुत्सु वैश्य स्त्रीचा. त्याच्या जाण्यामागे हे आहे की नाही ते व्यास बोलत नाहीत, फक्त दोघांना एकाच पटावर ठेवतात. असं दुसरं पात्र असलं की नायकाचा निर्णय परिस्थितीने लादलेला वाटत नाही, त्याने केलेला वाटतो. तुमच्याकडे हे पात्र नाही.

दोन, फितुरी एकदाच होत नाही. पहिली पायरी निघून जाण्याची, दुसरी माहिती देण्याची, तिसरी निकुंभिलेची. तिथे इंद्रजिताचा यज्ञ पुरा व्हायच्या आत लक्ष्मणाला नेऊन उभं करणारा विभीषणच. आणि तिथे तो म्हणतो की पुतण्याला मारणं मला शोभत नाही, रामासाठी दया बाजूला ठेवून मारीनही, पण मारू गेलो तर डोळ्यांत पाणी येतं, म्हणून लक्ष्मणच मारील. हे वाक्य पहिल्या पायरीवर आलं असतं तर ढोंग वाटलं असतं. तिसऱ्या पायरीवर ते भयंकर वाटतं. जाताजाता, रावणाच्या नाभीतल्या अमृताचं गुपित विभीषण सांगतो ही गोष्ट अध्यात्म रामायणात आणि तुलसीदासांत आहे. वाल्मीकींकडे ब्रह्मास्त्राची आठवण मातली हा सारथी करून देतो. नाटकासाठी मला वाल्मीकींचा मार्ग जास्त बरा वाटतो. एकच गुपित फोडून सगळं संपलं की भाऊ नुसता खबऱ्या होतो.

तीन, अंत्यसंस्कार. रावण पडल्यावर विभीषण आधी शोक करतो आणि मग संस्कार करायला कचरतो: हा अधर्मी होता, मी याचे संस्कार करणं योग्य नाही. ज्याने भावाला सोडलं तो भाऊ मेल्यावरही सोडायला तयार आहे, कारण आता मायेने वागला तर आधीचं सगळं खोटं ठरतं. 'मरणान्तानि वैराणि', वैर मरणापाशी संपतं, असं म्हणून परका राम त्याला त्याच्याच भावाच्या चितेकडे पाठवतो. फितुरीनंतरची ही अवघडलेली वागणूक फार थोडे लेखक लिहितात.

कैकेयी वेगळ्या कारणासाठी वाचा. तिथे हेतू मनात आधीपासून नाही, तो एका संभाषणात तयार होतो, आणि कसा तयार होतो ते पायरीपायरीने दिसतं. मंथरा बातमी आणते तेव्हा कैकेयी आनंदाने तिला दागिना देते. मंथरा तो फेकते. 'राम आणि भरत यांत मला फरक नाही' असं कैकेयी म्हणते. मंथरेचा पहिला मुद्दा वाया जातो. रामानंतर भरतालाही राज्य मिळेलच, असं कैकेयी वर म्हणते. तिथे मंथरेला फट सापडते: रामानंतर रामाचा मुलगा, भरत वंशातूनच बाहेर. तरी काम होत नाही. मग शेवटचा घाव, तू सवतीशी, कौसल्येशी, तोऱ्यात वागलीस, ती आता सूड घेणार नाही का? राज्यलोभाने न हललेली बाई स्वतःच्याच जुन्या वागण्याच्या भीतीने हलते. इतर काही वाचायला वेळ नसेल तर अयोध्याकांडाचे सात ते नऊ एवढे तीन सर्ग वाचा, मन वळवण्याचा प्रवेश कसा लिहावा याचा याहून चांगला नमुना मला माहीत नाही. चौदा वर्षांचा आकडाही हवेतला नाही. तेवढ्या काळात प्रजेच्या मनात भरताची मुळं घट्ट होतील, हा मंथरेचा हिशेब तिथेच आहे.

आणि घरातला दुसरा माणूसही स्वच्छ नाही. भरत मामाकडे गेलाय तोवरच अभिषेक उरकावा, असं दशरथ रामाला स्वतः सांगतो. कैकेयीच्या लग्नाच्या वेळी तिच्या बापाला राज्याचा शब्द दिला होता हे तर खूप पुढे, चित्रकूटावर, रामाच्या तोंडून कळतं. म्हणजे ज्याच्याशी दगा झाला त्यानेही आधी काहीतरी दडवलेलं आहे. हे कळायला उशीर लावलाय, कारण आधी कळलं असतं तर कैकेयीचा राग आलाच नसता.

यात एक धोका आहे. सगळा दोष घरातल्या बाईवर किंवा दासीवर ढकलणं फार सोयीचं असतं. 30 ऑगस्ट 1773 ला शनिवारवाड्यात नारायणरावाचा खून झाला. आपल्या तोंडी काय राहिलं, तर आनंदीबाईने 'ध'चा 'मा' केला. त्यामागे रघुनाथरावाचा पेशवाईवरचा दावा, 1762 ला आळेगावला आणि 1768 ला धोडपला पुतण्या माधवरावाशी झालेली लढाई, त्यानंतरची नजरकैद, एवढा दहा-बारा वर्षांचा ऐवज आहे. आख्यायिका तो सगळा एका अक्षरात गुंडाळते आणि काका मोकळा होतो. तुमच्या संहितेत धाकट्याची बायको दोनदा 'तुम्ही किती दिवस गप्प बसणार' म्हणते असं तुम्ही लिहिलंय. एकदा पुरे. दुसऱ्यांदा म्हटलं की प्रेक्षक तिला मंथरा ठरवून मोकळा होईल आणि धाकटा तुमच्या हातून जाईल.

बाहेरच्या कथांतून थोडंसंच. ग्रीक कथेत मेगारा नगरीची राजकन्या स्किला बापाच्या डोक्यावरची जांभळी बट कापून शत्रू मिनोसला देते. त्या बटेत बापाचं आयुष्य आणि राज्य आहे. रोमन कवी ओव्हिड म्हणतो प्रेमापोटी, त्याच्या कितीतरी आधी ग्रीक नाटककार एस्किलस म्हणतो सोन्याच्या हारांसाठी. कृती तीच राहते, हेतू बदलला की बाई बदलते. हार असलेली स्किला दोन ओळींत संपते, प्रेमात पडलेली स्किला पानंच्या पानं स्वतःशी वाद घालते. पैसा हा हेतू म्हणून खोटा नसतो, पण त्यात पात्राला स्वतःशी भांडायला काही उरत नाही. म्हणून तुमच्या धाकट्याचं कर्ज काढून टाका. शेक्सपिअरच्या 'किंग लिअर'मधला एडमंड उलट दिशेचा. तो पहिल्याच स्वगतात प्रेक्षकाला सगळं सांगतो, औरस भावाची जमीन हवी, खोटं पत्र तयार आहे. तिथे स्वगत चालतं कारण ते कृतीच्या आधी आहे आणि त्यात योजना आहे. तुमचं स्वगत कृतीनंतर आहे आणि त्यात खुलासा आहे. जुन्या करारातल्या योसेफाच्या भावांचं मला एवढंच महत्त्वाचं वाटतं, की आधी मारून टाकू, मग खड्ड्यात टाकू, मग चांदीच्या वीस नाण्यांना विकू, असा बेत उतरत जातो आणि मधे ते बसून जेवतात. मोठा दगा बऱ्याचदा 'त्यापेक्षा हे बरं' अशा सौम्य पर्यायाच्या रूपात येतो. तुमच्या धाकट्यालाही साक्ष हा सौम्य पर्याय वाटू शकतो, फौजदारी तक्रारीपेक्षा.

आता तुमची संहिता. कामाचा क्रम मी असा ठेवीन.

आधी हिशेब. वडील गेले, आई नाही, तीन मुलं, बारा एकर. हक्कसोडपत्र टिकलं तर दोघा भावांना सहा-सहा. ते रद्द झालं तर, हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीनंतर मुलीचा वाटा मुलाइतकाच असल्यामुळे, तिघांना चार-चार. म्हणजे साक्ष देऊन धाकटा स्वतःचे दोन एकर घालवतोय. हे तुमच्या संहितेत कुठेच बोललं जात नाही! हे एक वाक्य पहिल्या दहा मिनिटांत आलं पाहिजे, आणि ते धाकट्याने बोलू नये. मोठ्याने बोलावं: 'तुझेही दोन जातील, अक्कल आहे का?' आकडा मोठ्याच्या तोंडी आला की धाकट्याला आपला त्याग सांगावा लागत नाही.

मग त्याची लंका शोधा. दोन एकर घालवून त्याला काय मिळतं? विहिरीकडचा तुकडा बहिणीच्या वाट्याला येणार आणि ती पुण्याला राहते, म्हणजे कसणार कोण, तर हाच. हे खरं असू द्या, आणि बहिणीच्या नवऱ्याला हसतखेळत बोलू द्या: 'विहीर तुमच्याकडेच राहणार म्हणा आता.' हा तुमचा हनुमान. त्याच्या बोलण्यात टोमणा नको, कौतुक हवं. धाकट्याने त्यावर उत्तर देऊ नये. हो नाही, नाहीही नाही.

सगळ्यांत मोठा बदल कागदाचा. हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकासमोर नोंदवलं जातं आणि त्यावर साक्षीदारांच्या सह्या लागतात. त्यातली एक सही धाकट्याची करा. तो तिथे होता, त्याला माहीत होतं, तो गप्प बसला. आता कोर्टात उभं राहून खरं बोलायचं म्हणजे आधी स्वतःचं खोटं कबूल करायचं. देवमाणूस झाल्याची तक्रार इथे संपते. आणि मोठ्याला इंद्रजिताचा प्रश्न विचारता येतो: 'सही करताना कुठं गेली होती तुझी बहीण?' या प्रश्नाला उत्तर लिहू नका.

फ्लॅशबॅक काढा. लहानपणचा मार तीस वर्षांपूर्वीचा आहे, त्याने आजचा दिवस ठरत नाही. त्याऐवजी तिसऱ्या प्रवेशात मोठ्याने त्याला गद्दार म्हणू द्या, आणि तेव्हा धाकट्याने काहीच केलेलं नसू दे. बहिणीला नुसता फोन केला असेल, भाचीच्या परीक्षेची चौकशी करायला. मोठा कॉललिस्ट बघतो आणि बोलतो. प्रसंग चारचौघांत घडू द्या, घरगड्यासमोर किंवा सोयऱ्यांसमोर. हात उगारू नका. हात उगारला की प्रेक्षक मोठ्याला सोडून देतो आणि पुढच्या फितुरीची किंमत शून्य होते.

त्याच्याआधी मोठ्याने एकदा तरी धाकट्याचं ऐकलेलं दाखवा, दूताच्या प्रसंगासारखं, छोट्या बाबतीत. सालगड्याची उचल, बांधावरचं झाड, काहीही. मोठा पूर्ण वाईट असेल तर सोडून जाणं सोपं, आणि सोप्या निर्णयावर एकांकिका उभी राहत नाही.

कुंभकर्णासाठी नवीन पात्र आणायला पाऊण तासात जागा नाही. तुमच्याकडे चुलतभाऊ आहे, तो आत्ता फक्त चहा आणतो आणि बातम्या देतो. त्याला एकच कडवट संवाद द्या, की दादाचं चुकलंय हे सगळ्या गावाला माहीतेय, पण मी त्याच्याविरुद्ध कोर्टाची पायरी चढणार नाही. तो चांगला माणूस असला पाहिजे. त्याला भित्रा केलात तर तोल गेला.

टप्प्यांपैकी दोन अंकी नाटकात मी तिन्ही घेतले असते: घर सोडणं, कागद देणं, साक्ष. इथे घर सोडणं गाळा. कागदाची नक्कल बहिणीला देणं ही पहिली पायरी, आणि साक्ष ही दुसरी. दोन्हींच्या मधे किमान एक प्रवेश जाऊ द्या, ज्यात मोठ्याला काहीच माहीत नाही आणि तो धाकट्याच्या मुलाच्या फीचे पैसे काढून देतो. हा प्रवेश हसताखेळता ठेवा. नट चांगले असतील तर संबंध एकांकिकेतला सगळ्यांत अवघड प्रवेश हाच होईल, म्हणून तालमीत यालाच जास्त वेळ लागेल असं धरून चला.

दीड पानाचं स्वगत पूर्ण काढा. साक्षीच्या प्रवेशात धाकट्याकडे फक्त वकिलाच्या प्रश्नांची उत्तरं असू द्या, चार-पाच शब्दांची. 'सही तुमचीच का?' 'माझीच.' 'कागद वाचून दाखवला होता का?' 'नाही.' 'तुम्हाला मजकूर माहीत होता का?' इथे थोडा थांबा, आणि 'होता.' मोठा त्याच खोलीत, समोर बसलेला असला पाहिजे. तुमच्या आत्ताच्या मसुद्यात तो बाहेर व्हरांड्यात आहे, त्याला आत आणा.

निकालावर संपवू नका, निकालाला वर्षं लागतात हे प्रेक्षकालाही माहीत आहे. कोर्टातून घरी जायचंय, गावाला जाणारी एसटी एकच, आणि वडिलांचं वर्षश्राद्ध पुढच्या आठवड्यात. दोघांनी पिंडदानाला कोण बसणार एवढंच बोलावं. मोठा म्हणेल 'तू ये', तर धाकट्याला नको म्हणावंसं वाटेल. का, ते विभीषणाच्या प्रसंगात वर आलंय. त्याला नको म्हणू द्या, आणि मग बहिणीला बोलू द्या. तिला तुम्ही संबंध संहितेत फार कमी बोलायला दिलंय, आणि रामासारखं त्याला पाठवण्याचं हे वाक्य तिचंच आहे.

बदल करून वाचन घ्याल तेव्हा श्रोत्यांना 'पटलं का' असं विचारू नका. 'त्याने हे कशासाठी केलं' एवढंच प्रत्येकाला वेगळ्या कागदावर लिहायला सांगा. सगळ्यांनी एकच उत्तर लिहिलं तर हेतू अजून धाकट्याच्याच तोंडी आहे, आणि कुठला संवाद कुणाला द्यायचा हे पुन्हा बघावं लागेल.